घरची ध्वनियंत्रणा प्रत्यक्ष गाण्याशी ताडून पाहताना

उत्तम ध्वनियंत्रणा विकत घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानदारापासून मित्रांपर्यंत सगळे एकच आश्वासन देतात: "डोळे मिटले की गवई समोर बसलाय असं वाटेल." हे आश्वासन कितपत खरे आहे, ते स्वतःच्या कानांनी तपासायचे आणि त्यासाठी लागेल तो खटाटोप करायचा, असे मी जून 2023मध्ये ठरवले. फेब्रुवारी 2024मध्ये मला माझ्यापुरते उत्तर मिळाले. मधल्या काळात खर्च झाला, परवानग्यांसाठी थांबावे लागले, काही आठवडे नुसती निराशाही वाट्याला आली. याच वाटेने जाऊ पाहणाऱ्यांना थोडी माहिती हाताशी असावी, म्हणून हे सगळे घडले त्या क्रमाने लिहून ठेवत आहे.

तुलना करायची तर ती नेमकी कशाशी, हा पहिलाच प्रश्न होता. पुण्यात गाणे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा सवाई गंधर्व महोत्सव येतो. पंडित भीमसेन जोशी यांनी 1953मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवाचे माझ्या घडणीवर मोठे ऋण आहे. परंतु हजारो श्रोत्यांच्या मांडवात आपल्या कानावर येतो तो आवाज गळ्यातून थेट येत नाही. तो मायक्रोफोन, मिक्सर आणि उंच टांगलेल्या स्पीकरांच्या रांगांतून येतो. त्याच्याशी घरच्या स्पीकरची तुलना करणे म्हणजे एका ध्वनियंत्रणेची दुसरीशी तुलना करणे होय. मला मोजपट्टी हवी होती ती विनामाईक गाण्याची.

ती जुलैमध्ये सापडली. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात महिन्यातून एकदा घरगुती बैठक होते, हे मला ओळखीतून कळले. तिकीट नसते, पण आगाऊ कळवावे लागते, कारण तीस-चाळीस माणसांहून अधिक जण मावत नाहीत. लाकडी तुळयांचे छत, भिंतीला लावलेले लोड, जमिनीवर जाजम आणि दाटीने बसलेली माणसे. मी गायकापासून जेमतेम आठ फुटांवर होतो. दोन तानपुरे मिळवून झाल्यावर खोलीत जो नाद भरून राहिला, तो डावीकडून येतो की उजवीकडून, हे सांगता येत नव्हते. तबलजींनी गठ्ठ्यावर, म्हणजे वादी ताणणाऱ्या लाकडी ठोकळ्यावर, हातोडी मारून चाटेचा (तबल्याच्या कडेचा) सूर चढवला, तेव्हा प्रत्येक ठोक्यामागचा लाकडाचा कोरडा आवाज वेगळा ऐकू आला. गायकाने खर्ज लावला तेव्हा आवाज मोठा नव्हता, पण त्याला वजन होते. त्या रात्री घरी येऊन मी वहीत चार गोष्टी लिहिल्या: तानपुऱ्याचा पसारा, आवाजाचे वजन, डग्ग्याची थाप आणि दोन स्वरांमधली शांतता. पुढे प्रत्येक टप्प्यावर मी ही वही उघडून बसत असे. प्रत्यक्ष ऐकलेल्या आवाजाची आठवण फार लवकर विरते, म्हणून ऐकल्या रात्रीच लिहून ठेवावे, हे मी आग्रहाने सांगेन.

स्पीकर निवडताना मी बीबीसीच्या परंपरेकडे वळलो, त्यालाही कारण होते. बीबीसीच्या संशोधन विभागातले अभियंते स्टुडिओत प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसाचा आवाज आणि शेजारच्या खोलीतल्या स्पीकरमधून येणारा त्याचाच आवाज आळीपाळीने ऐकून स्पीकर घडवत असत. त्याच विभागातल्या डडली हारवुड यांनी 1977मध्ये हार्बेथ ही कंपनी काढली. मानवी आवाज हीच कसोटी असलेले हे घराणे आपल्या गायकीला जवळचे वाटले. नवी जोडी माझ्या आवाक्याबाहेर होती, म्हणून मुंबईत दादरला राहणाऱ्या एका गृहस्थांकडून हार्बेथ कॉम्पॅक्ट 7ची वापरलेली जोडी सव्वादोन लाखांना घेतली. वापरलेला सुमारे 60 वॅटचा अॅम्प्लिफायर 80 हजारांना मिळाला. पैसे देण्याआधी मी त्यांच्या घरी बसून माझ्या ओळखीच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या, पुढची जाळी काढून पडद्याच्या कडा तपासल्या, दोन्ही खोक्यांवरचे अनुक्रमांक जुळतात का ते पाहिले आणि मूळ बिलाची छायाप्रत मागून घेतली. या चार गोष्टी ज्याला करू दिल्या जात नाहीत, त्याने तो व्यवहार सोडून द्यावा.

पुण्याला आणताना वाहतूकदाराने ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीसाठी लागणारा जीएसटीचा कागद, मागितले. वापरलेल्या घरगुती सामानाला त्यातून सूट आहे, पण तोंडी सांगून भागत नाही. सामान वापरलेले व वैयक्तिक असून विक्रीसाठी नाही, असे साध्या कागदावर लिहून, सही करून, सोबत आधारची छायाप्रत आणि जुन्या बिलाची प्रत जोडल्यावर गाडी हलली. त्यात चार दिवस गेले, भाडे सहा हजार पडले. पावसाळा असल्याने खोकी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेतली होती, त्याचा उपयोग झाला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळे जोडून मी ऐकायला बसलो आणि मन खट्टू झाले. दादरला गोड वाटलेला आवाज माझ्या खोलीत घुमत होता. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या गायकांच्या मुद्रणात तानपुऱ्याची खर्जाची तार नुसती गुरगुरत राही आणि तिच्याखाली डग्गा बुडून जाई. तीन लाख खर्चून हेच ऐकायचे होते का, हा विचार काही रात्री झोपू देत नव्हता.

उत्तर खोलीत होते. माझी खोली पाच मीटर लांब, 3.4 मीटर रुंद. काँक्रीटच्या भिंती आणि खाली फरशी. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 345 मीटर धरला, तर पाच मीटर लांबीत सुमारे 35 हर्ट्झ (सेकंदाला 35 कंपने) आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे 70 हर्ट्झच्या आसपास, लाटा समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून उभ्या राहतात. काळी एकचा खर्जातला षड्ज येतो जवळपास 69 हर्ट्झवर. म्हणजे माझी खोली नेमकी त्याच तारेला साथ देत होती. हे नुसत्या तर्काने पटत नव्हते, म्हणून मोजण्याचा यूएसबी मायक्रोफोन साधारण 11 हजारांत मागवला. तो परदेशातून येत असल्यामुळे कुरिअर कंपनीने कस्टमसाठी केवायसीची कागदपत्रे मागितली. आधारवरचा पत्ता आणि पार्सलवरचा पत्ता वेगळा असल्याने ते एक आठवडा अडकून राहिले. मागवतानाच दोन्ही पत्ते अक्षरशः सारखे ठेवावेत. 'रूम ईक्यू विझार्ड' ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. तिने काढलेल्या आलेखात 70 हर्ट्झवर 12 डेसिबलचा उंचवटा स्पष्ट दिसला, आणि आवाज विरायला जवळपास 0.9 सेकंद लागत होते.

पहिला उपाय फुकटचा होता. माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली होती, आणि भिंतीशी या लाटांचा दाब सर्वाधिक असतो. खोलीच्या बरोबर मध्यावरही 70 हर्ट्झचा तोच प्रकार. खुर्ची पुढच्या भिंतीपासून 3.1 मीटरवर आणली आणि खर्ज एकदम आटोक्यात आला. स्पीकर, तारा, अॅम्प्लिफायर यांवर एक रुपयाही जादा खर्चण्याआधी प्रत्येकाने खुर्ची हलवून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

पुढच्या कामासाठी भिंतीत छिद्रे पाडावी लागणार होती, म्हणजे सोसायटीची परवानगी आली. सचिवांना रीतसर अर्ज दिला, खोलीचा नकाशा जोडला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "म्हणजे आवाज अजून मोठा होणार का हो?" मी त्यांना घरी बोलावले, चहा दिला आणि नेहमीच्या पातळीवर गाणे लावून दार बंद करून जिन्यात नेले. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री दहानंतर 45 डेसिबल असते. त्यांच्यासमोरच मोजून दाखवले. परवानगी समितीच्या पुढच्या बैठकीत, म्हणजे तीन आठवड्यांनी, मिळाली. दहा हजार रुपये परतीची अनामत, काम सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा एवढ्याच वेळात, आणि राडारोडा स्वतः उचलायचा, या अटी होत्या. तोवर गणपती आले आणि सुतार गावी गेले. काम सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला.

मधल्या सप्टेंबरात मी मुंबईला एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम ऐकून आलो. 2006मध्ये स्थापन झालेल्या या वाद्यवृंदाचे कार्यक्रम वर्षातून दोन हंगामांत, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, होतात. सभासदांना तिकिटे आधी मिळतात, म्हणून इतरांनी विक्री खुली होताच घ्यावीत. जमशेद भाभा नाट्यगृह सुमारे 1,100 आसनांचे असून वाद्यवृंद तिथे विनामाईक वाजतो. पाश्चात्त्य संगीतात माझी फारशी गती नाही, तरी मला हे ऐकणे अत्यावश्यक वाटत होते, कारण ध्वनियंत्रणांविषयीच्या लेखनात वाद्यवृंद हाच अंतिम निकष मानला जातो. सर्व वाद्ये एकत्र उसळली तेव्हा आवाज मोठा झाला एवढेच जाणवले नाही. हवा जागची हलली असे वाटले, आणि तरीही कानाला कुठे टोचले नाही. मागच्या रांगेतली डबल बेस वाद्ये हलक्या हाताने वाजत असताना बाकाच्या लाकडातून कंप जाणवत होता. रात्रीच्या शिवनेरीने परतताना माझी खात्री झाली होती की हे माझ्या खोलीत येणार नाही, कितीही पैसे ओतले तरी येणार नाही. मोठ्या सभागृहात आवाज विरायला दोन सेकंदांच्या आसपास लागतात. तो अवकाश 17 चौरस मीटरच्या खोलीत मावत नाही. ही खात्री झाल्यामुळे मला उलट मोकळे वाटले. बैठकीतला गायक आठ फुटांवर असतो आणि माझे स्पीकरही खुर्चीपासून आठ फुटांवर आहेत. घरच्या यंत्रणेने स्पर्धा करायची असेल तर ती बैठकीशी, हे तिथे ठरले.

एनसीपीएतल्याच टाटा थिएटरचाही इथे उल्लेख करायला हवा. 1980मध्ये खुले झालेले हे नाट्यगृह वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी भारतीय संगीत आणि नाटक विनामाईक ऐकू यावे अशा हेतूने रचले होते. आज आपल्याकडे छोट्या सभागृहातही कलाकार आणि श्रोते दोघेही माईक गृहीत धरतात, याचे मला वाईट वाटते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुतारकाम झाले. घनमीटरला 48 किलो घनतेच्या रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) पट्ट्या लाकडी चौकटीत बसवून वर सुती कापड ताणले. कोपऱ्यांत सहा-सहा इंच जाडीचे उभे खांब केले, बाजूच्या भिंतींवर जिथे स्पीकरचे पहिले परावर्तन होते तिथे चार इंची चौकटी लावल्या, जमिनीवर जाड सतरंजी घातली. अंड्यांचे ट्रे किंवा एक इंची फोम यांचा खालच्या सुरांवर काहीच परिणाम होत नाही. 70 हर्ट्झची लाट पाच मीटर लांब असते, तिला अडवायला जाडीच लागते. रॉकवूल कापताना हातमोजे आणि मास्क अनिवार्य आहेत, आणि कापड लावण्याआधी ते पातळ अस्तरात गुंडाळावे म्हणजे तंतू खोलीत पसरत नाहीत. सगळा खर्च 58 हजार. नव्याने मोजल्यावर उंचवटा पाच डेसिबलवर आला होता आणि आवाज विरायला 0.4 सेकंद लागत होते. आकड्यांहून मोठी गोष्ट म्हणजे डग्ग्यावरचा घिस्सा, म्हणजे तळहात घासून काढलेला नाद, पहिल्यांदाच सलग, वळणासकट ऐकू आला. जुन्या वाड्यातल्या लाकूड, जाजम आणि लोडांनी जे काम विनासायास केले होते, ते काँक्रीटच्या खोलीत असे विकत घ्यावे लागते.

डिसेंबरात सवाईला नेहमीप्रमाणे गेलो, पण या वेळी कान निराळे होते. मांडवातल्या आवाजात तानपुरा मागे राहतो, तबला पुढे येतो, आणि गायकाचा श्वास ओठांजवळच्या माईकमुळे अवास्तव मोठा होतो. या बाबतींत माझी खोली सरस होती, हे मी नि:संकोच लिहितो. तरीही समेवर हजारो माणसांच्या तोंडून एकदम निघालेली दाद आणि त्या दादेने गायकाच्या पुढच्या आवर्तनात आलेला जोर, हे कोणत्याही मुद्रणात मला सापडलेले नाही. आणखी एक गोष्ट याच वेळी मनात पक्की झाली. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात; सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या मैफली गेल्या आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकण्याची जागा बहुतेकांसाठी घरच उरली. मात्र रात्री आवाज हळू ठेवावा लागतो आणि हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून दरबारी रागाचा मंद्र (खालच्या सप्तकातला) गंधार ऐकताना मी खुर्ची स्पीकरजवळ ओढतो. आवाज न वाढवता वजन थोडे परत येते.

खरी परीक्षा जानेवारीत घेतली. प्रत्यक्ष आणि मुद्रित आवाज शेजारी ठेवण्याची कल्पना जुनी आहे. एडिसनच्या कंपनीने 1915पासून गायकांना रंगमंचावर फोनोग्राफशेजारी उभे करून असे प्रयोग केले, आणि गायक आपला आवाज यंत्राला जुळवून घेत असत. पुढे अमेरिकेतल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने फाइन आर्ट्स क्वार्टेटसोबत अधिक काटेकोर प्रयोग केले. त्यातली मुख्य अडचण अशी की खोलीत मुद्रित केलेला आवाज पुन्हा खोलीत वाजवला, तर खोलीचा घुमारा दोनदा मोजला जातो. म्हणून मुद्रण उघड्यावर करायचे. माझी मावसबहीण गाते आणि तिचे साथीदार तबलजी शेजारच्याच गल्लीत राहतात. दोघे आनंदाने तयार झाले. गच्चीच्या किल्लीसाठी सोसायटीला पुन्हा अर्ज करावा लागला, तो या वेळी दोन दिवसांत मंजूर झाला. पहाटेनंतर वारा पडलेला असताना, खाली गाद्या अंथरून, एक मीटरवरून तानपुरा, गळा आणि तबला वेगवेगळे मुद्रित केले. थंडीत तानपुऱ्याचा सूर सारखा हलत होता, त्यामुळे ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला.

फेब्रुवारीत एका रविवारी माझ्या खोलीत पातळ सुती पडदा टांगला. मागे एकच स्पीकर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, आणि शेजारी मावसबहीण. खुर्चीच्या जागी दोन्ही आवाजांची पातळी मोजून सारखी केली. हे न करता केलेली कोणतीही तुलना व्यर्थ असते, कारण जो आवाज किंचित मोठा तोच कानाला खरा वाटतो. ऐकायला सात-आठ जण होते, त्यांत तिच्या गुरूही. तानपुऱ्याच्या बाबतीत बहुतेकांना फरक ओळखता आला नाही. गळ्याच्या बाबतीत मते विभागली, मध्य सप्तकात ऐकणारे चकले, तार षड्जाला मात्र गुरूंनी लगेच सांगितले, "हे यंत्र आहे. स्वर लागलाय, पण तो खोलीत सुटला नाही." गळ्यातून निघालेला स्वर पाठीमागे आणि बाजूंनाही पसरतो, तर स्पीकर वरच्या पट्टीतला आवाज मुख्यतः पुढे फेकतो; म्हणजे गुरूंचे निरीक्षण विज्ञानाला धरून होते. तबला पहिल्याच ठेक्यात ओळखला गेला. तबलजी म्हणाले, "दादा, शाईचा नाद अगदी माझाच आहे. थाप तेवढी बसत नाही."

ती का बसत नाही, याचा हिशोब मांडता येतो. माझा स्पीकर एक वॅटला एक मीटरवर 86 डेसिबल देतो. आवाज दहा डेसिबलने वाढवायचा तर दहापट वॅट लागतात, म्हणजे 106 डेसिबलला शंभर. तबल्याच्या मुद्रणात थापेची क्षणिक उंची सरासरीहून वीसेक डेसिबल वर होती. सरासरी 80 धरली तर खुर्चीपाशी शंभर डेसिबल हवेत, आणि अंतरामुळे होणारी घट धरता माझा 60 वॅटचा अॅम्प्लिफायर तिथे अपुरा पडतो. एका मित्राचा 200 वॅटचा अॅम्प्लिफायर आणून पाहिल्यावर थाप बरीच सुधारली, पण डग्ग्याचा जमिनीतून मांडीपर्यंत येणारा धक्का आला नाही. मोठा अॅम्प्लिफायर घेण्याचा विचार आता सुरू आहे. वापरलेला, दीड लाखाच्या आत मिळाला तरच.

सोसायटीची अनामत मार्चमध्ये परत मिळाली. त्यासाठी काम पूर्ण झाल्याचे पत्र आणि मूळ पावती लागते, पावती जपून ठेवावी. ज्यांच्याकडे आज तीन लाख आहेत त्यांना मी सुचवेन की दोन लाख यंत्रावर आणि उरलेले खोलीवर खर्च करावेत, आणि त्याआधी किमान दोन-तीन विनामाईक बैठका जवळ बसून ऐकाव्यात. अशा बैठकांची जाहिरात सहसा होत नाही. गाणे शिकवणाऱ्या कोणाकडेही चौकशी केली की पत्ता लागतो. पुण्यात, साताऱ्यात, मिरजेत, गोव्यात अजून घराघरांतून त्या होतात आणि शांतपणे ऐकणाऱ्या नव्या माणसाला पुढची जागा आपणहून दिली जाते.